पाणघोड्यावर कोणी बसत नाही

॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व)
दि. २ जुलै १९८६

ती. सौ. कुंदावन्सं यांस,
सौ. रत्नप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि कोकमाचं आगळ दोन्ही पोचलं. बाटली फुटली नाही. भावोजींचा खोकला उतरल्याचं वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. आईंचे गुडघे पाऊस पडेल तसे. ह्यांचं ऑफिस, माझे उपासतापास आणि हिशेबाची वही, सगळं नेहमीसारखं चालू आहे.

एक गंमत सांगायची आहे आणि सल्लाही विचारायचा आहे. तुम्ही हसणार हे धरूनच लिहिते.

आमच्या महिला मंडळात बुधवारी दुपारी काहीतरी शिकवतात. मागच्या वर्षी भरतकाम होतं. यंदा पद्मजाबाई म्हणून नवीन आल्या आहेत, त्या मातीचे प्राणी शिकवतात. चाक नाही, साचा नाही, नुसता हात. माती मंडळाची, त्यामुळे खर्च नाही. मी आधी तेच विचारून घेतलं.

मुठीएवढा गोळा मळायचा, मध्ये अंगठा रुतवायचा आणि गोळा फिरवत फिरवत कडा चिमटीने दाबत वर आणायच्या. बाईंचं समजावून संपेपर्यंत माझी वाटी तयार. त्यांनी विचारलं, आधी कुठे शिकलात का. मी म्हटलं, नाही, पण उकडीच्या मोदकाची पारी करते. बाकीच्या बायका हसल्या. बाई म्हणाल्या की मग तुमचं अर्धं शिकून झालेलं आहे. अशा दोन वाट्या करायच्या, कडांवर केसातल्या आकड्याने ओरखडे काढायचे, भज्यांच्या पिठाएवढी पातळ माती लावायची आणि तोंडाला तोंड लावून दाबायचं. झालं पोट. पाय आणि शेपूट कडबोळ्यासारखी वळून, ओरखडे काढून बसवायची. नुसती चिकटवली तर वाळताना सुटून येतात. शेवटी पोटाखाली सुईने भोक. आतली हवा कोंडली तर भट्टीत प्राणी फुटतो, आणि भरीव केला तरी फुटतो. पोट रिकामं पाहिजे, तरच आगीतून नीट बाहेर येतो. त्या दिवशी माझी चतुर्थी होती, मला हे फार पटलं.

भट्टी भांडुपला आहे. दसऱ्याच्या आधी एकदाच लागणार, त्यात प्रत्येकीची एक वस्तू भाजणार आणि दिवाळीच्या प्रदर्शनात मांडणार. वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते, मला ती एक वस्तू फार हवी आहे. आजवर या हातांनी जे केलं ते दिवस मावळेपर्यंत संपलं. पोळ्या खाल्ल्या, रांगोळी पायाखाली गेली, ह्यांचा स्वेटर उसवून त्याचे मोजे केले. एक तरी गोष्ट अशी व्हावी की जी मी केली आणि ती राहिली.

तर पहिल्यांदा कासव केलं. सावकाश वाळायला हवं म्हणून घरी आणून फडताळावर ओल्या फडक्याखाली ठेवलं. सकाळी बघते तर फडकं बाजूला, आणि कासवाच्या पाठीवर हळद, कुंकू, वर जास्वंद. आईंनी पूजा करताना त्यालाही उरकून घेतलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, देवापुढे कासव असतंच, आपल्याच घरी नव्हतं, ते आलं.

आता हळदकुंकू वाहिलेलं कासव मी भट्टीत कसं घालू? हे म्हणाले पुसून टाक. पण माझा हात होईना. देवाला वाहिलेलं पुसून परत घ्यायचं आणि वर आगीत लोटायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. कासव आता देवघरात आहे. गौरी-गणपतीबरोबर त्याचंही विसर्जन करायचं असं आईंनी ठरवूनसुद्धा टाकलं.

तुमचा लोभ आहेच, त्यात थोडी अक्कलही मिसळून पाठवावी.

तुमची,
सौ. रत्नप्रभा

ता. क. आईंसाठी खाली चार ओळींची जागा सोडली होती. त्या म्हणाल्या, गुडघ्यांचं तू लिहिलंस ना, मग माझं काय उरलं.


॥ श्री ॥

कुडाळ
दि. १२ जुलै १९८६

चि. सौ. रत्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. आमचे हे इतके हसले की गेलेला खोकला परत आला. तो तुझ्या नावावर मांड.

आईचं हे आजचं नाही गो. घरात नवीन आलेलं काहीही तिच्या हातून सुटत नाही. रेडिओ आला तेव्हा त्याला हार घातला होता, आणि तो हार काढेपर्यंत बातम्या कोणाला ऐकू दिल्या नाहीत. शिलाई मशीन आलं तेव्हा त्याच्यापुढे नारळ वाढवला, त्याचं पाणी आत गेलं आणि मशीन पहिल्याच दिवशी दुरुस्तीला गेलं. गॅसची शेगडी तर तुझ्या डोळ्यांदेखतची. जोडायला आलेला माणूस निरांजन विझायची वाट बघत दारात उभा होता.

आणि तुला कासव करायला सांगितलं कोणी? देवळात शिरलं की पहिला पाय त्याच्याच शेजारी पडतो. हत्ती, मोर, उंदीर, बैल यांच्याही वाटेला जाऊ नकोस. देवाधर्माशी संबंध नाही असं काहीतरी कर. कुत्रा कर. कुत्र्याला आई दारातसुद्धा उभा करत नाही.

इकडे छपराची कौलं शाकारून झाली तरी माजघरात एक थेंब पडतोच. त्याच्याखाली तपेली ठेवली आहे. तुझी ती मातीची वाटी मोठी झाली की पाठव.

अनंताला सांग, बहिणीला पत्र लिहिलं तर शाई संपत नाही. तुझ्या पत्रांवरच आमची करमणूक आहे, तेव्हा त्यात खंड पडू देऊ नये.

तुझी,
कुंदा


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व)
दि. १२ ऑगस्ट १९८६

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे कुत्रा केला. एक कान उभा, एक पडलेला. सकाळी आई देवघरातून विचारतात, बाकीचे तीन कुठे आहेत. मी म्हटलं, कुठले तीन. तर दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात, एकट्याला कसं ठेवायचं, म्हणाल्या. वन्सं, मी बसून आणखी तीन कुत्रे केले. मंडळात पद्मजाबाईंना वाटलं मला कुत्र्यांचा फार लळा आहे.

मग गाढव केलं. ते शीतलादेवीचं निघालं. आईंनी विचारलं, देवीच्या हातात झाडू असतो, तो कधी करणार. मग ह्यांनी मगर सुचवली. आईंनी ह्यांना खडसावलं की एवढा शिकलास आणि गंगामाई कशावर बसते ते ठाऊक नाही. शेवटी घुबड केलं. अशुभ म्हणून तरी लांब राहतील असा माझा हिशेब. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, मग लक्ष्मीचं आहे हे आठवलं आणि त्या पुढे झाल्या.

हे म्हणतात राणीच्या बागेचं तिकीट वाचलं. आपले मूळचे देव आता मागे सरकले आहेत. बाळकृष्ण मगरीच्या आड गेला आहे, त्याला तुळस वाहताना हात वाकडा करावा लागतो. शेजारची कमल रोज सकाळी काहीतरी मागायचं निमित्त करून येते आणि नवीन काय ते बघून जाते.

मग मी जिराफ केला. म्हटलं, याच्यावर कुठला देव बसणार, घसरून पडेल. पण पोळ्या टाकायच्या घाईत मान नुसती दाबून बसवली, ओरखडे काढायचे राहिले. सकाळी मान फळीवर वेगळी पडलेली, चांगली वाकडी झालेली. आणि नेमकी नागपंचमी. मी आंघोळ करून येईतो आईंनी पाट मांडला होता, त्यावर ती मान, पुढे दूध आणि लाह्या. जिराफाची दोन शिंगं त्यांना फण्यावरची नक्षी वाटली. म्हणाल्या, यंदा नाग विकत आणायला नको, केलास ते बरं केलंस. मीही मुकाट्याने नमस्कार केला आणि नागाचे पैसे जमेला धरले. खाली उरलेल्या धडावर समई ठेवू म्हणतात.

कधी वाटतं आई मुद्दाम करतात. मग त्यांच्या तोंडाकडे बघते, तर मुद्दाम काहीच नसतं. पण वन्सं, इतके प्राणी झाले, एकदाही त्या म्हणाल्या नाहीत की हा बरा जमलाय किंवा हा बिघडलाय. नुसतं हळदकुंकू आणि फूल. मला कधी कधी असं होतं की मी केलेलं त्यांना दिसतच नाही, त्याच्यावर बसणारा तेवढा दिसतो.

बाई म्हणाल्या, रत्नाताई, मंडळात सगळ्यांत चांगला हात तुमचा आणि भट्टीसाठी वस्तू नाही ती फक्त तुमची. भावोजींनी इतक्या पोथ्या वाचल्या आहेत, त्यांना विचारून कळवा. ज्याच्यावर कोणीच बसत नाही असा एखादा प्राणी देवाने केला असेल की नाही?

उत्तर लवकर यावं. तोवर लोभ ओल्या फडक्याखाली ठेवून जपते.

तुमची,
सौ. रत्नप्रभा


॥ श्री ॥

कुडाळ
दि. २१ ऑगस्ट १९८६

चि. सौ. रत्ना हिस अ. आ.

तुझ्या प्रश्नाने आमच्या घरातली शांतता गेली. हे जेवता जेवता उठून पोथी बघतात. बोकड म्हटलं तर अग्नीचा. हरीण वायूचं. पोपट मदनाचा, आणि तो तू तुझ्या वयात करू नयेस असं यांचं मत. मांजर म्हटलं तर ते षष्ठीदेवीचं. ससा तरी मोकळा असेल म्हटलं, तर तो चंद्राच्या मांडीवर जाऊन बसलेला. मी म्हटलं, आपल्या देवांनी चालायची सवयच ठेवली नाही.

शेवटी हे पोथ्या बाजूला ठेवून शाळेत गेले आणि मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून उत्तर घेऊन आले. पाणघोडा. आफ्रिकेत असतो. घोडा फक्त नावाला, बाकी सगळं तोंड आणि पोट. त्याच्यावर बसलेला एकही देव हिंदुस्थानात नाही, हे पाहिजे तर लिहून देतो म्हणाले. चित्र काढून सोबत पाठवलं आहे. त्यांचा हात तुला ठाऊक आहे. तो तांब्या नव्हे, तेच तोंड.

आणि एक ऐक. तो घरी आणूच नकोस. कमलकडे वाळव. आई आपल्या घरातल्या वस्तूंना सोडत नाही, पण लोकांच्या घरात हात घालायची नाही.

तिने तुला कधी बरं म्हटलं नाही, असं लिहितेस. मला तरी कुठे म्हटलंय. मी मॅट्रिक झाले तेव्हा निकाल ऐकून ती उठली आणि तुळशीला पाणी घालायला गेली. सकाळीच घातलं होतं तरी.

गणपतीत मोदकांची पारी करताना त्याला पाय फुटणार नाहीत एवढं बघ. आमचा जीव तुझ्या पाणघोड्यात अडकला आहे, हे ध्यानात असावं.

तुझी,
कुंदा


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व)
दि. १४ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. आधी सण, मग चोरटेपणा, यात दिवस गेले.

गौरींबरोबर सगळ्यांचं विसर्जन केलं. पुढे हे गणपती घेऊन, मागे मी परातीत प्राणी घेऊन, माझ्या मागे आई. वाटेत लोक गणपतीला हात जोडत आणि परातीकडे बघून थांबत. एका बाईंनी विचारलं, हे कुठल्या गावचं. कमलने सांगून टाकलं की आमच्या मजल्यावरचं.

तळ्यावर आरती झाली, गणपती गेले, मग मी पायरीवर बसून एकेक प्राणी सोडला. कच्ची माती ती. कुत्र्यांचे कान आधी गेले, मग मगरीचे दात. सांधा मात्र माझा एकही सुटला नाही, वन्सं. पोटं विरघळली पण जोडलेल्या जागी उघडली नाहीत. ते बघून मला बरं वाटलं आणि वाईटही. कासव सर्वांत शेवटी गेलं. मंडळी प्रसाद घेऊन परत फिरली होती. आई मात्र ते कासव दिसेनासं होईतो तिथेच उभ्या, गुडघे दुखत असून. मला वाटलं दमल्या.

त्यानंतर पाणघोडा केला. भावोजींचं चित्र बाईंना दाखवलं, त्यांनी ते आधी उलटं धरलं होतं. दोन मोठ्या वाट्यांचं पोट, तिसऱ्या वाटीचं तोंड, ते सताड उघडं, आत चार दात. पाय अगदी आखूड, म्हणजे वाकायची भीती नाही. सगळीकडे ओरखडे, सगळीकडे पातळ माती. हातावर घेऊन बघितला तर तो माझ्याकडे बघून जांभई देत होता. मंडळातून सरळ कमलकडे नेला आणि तिच्या कपाटावर ओल्या फडक्याखाली ठेवला.

इकडे आई दोन-तीनदा फडताळाशी जाऊन आल्या. मग विचारलं, हल्ली माती आणत नाहीस का गं. मी म्हटलं, मंडळातली माती संपली. पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले. त्याबद्दल एक शनिवार जास्तीचा धरला.

भट्टी लागली, निघाली. आमच्या खजिनदार सुलक्षणाबाईंनी हत्ती भरीव केला होता. बाई नको नको म्हणत होत्या, पण सुलक्षणाबाईंना पोकळ वस्तूवर विश्वास नाही. तो आत असा फुटला की त्याचा एक तुकडा माझ्या पाणघोड्याच्या डाव्या कानाला लागून अर्धा कान गेला. बाकी सुखरूप. लाल भाजलाय, टिचकी मारली की टण वाजतो. मी बराच वेळ नुसती टिचक्या मारत बसले.

पुढच्या आठवड्यात शनिवार-रविवारी म्हणजे पंचवीस-सव्वीसला प्रदर्शन आहे. माझी वस्तू विकायची नाही असं मी बाईंना आधीच सांगून ठेवलं. पण नंतर काय? घरी आणला तर आई विचारणार, हा केलास कधी, ठेवलास कुठे. आणि मी काय सांगू? स्वतःच्याच वस्तूची चोरी केल्यासारखं वाटतंय. तुम्ही जवळ असतात तर तुमच्या नावावर खपवला असता.

तुमचा लोभ भाजून पक्का झालेला आहे या भरवशावर हे सगळं लिहिलं.

तुमची,
सौ. रत्नप्रभा


॥ श्री ॥

मुलुंड
दि. १७ ऑक्टोबर

चि. कुंदा हिस आईचे आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर जावयांकडून लावून घे. मी बरी आहे. हे पत्र मी अनंताच्या हाती पेटीत टाकायला देते आहे, रत्नाला ठाऊक नाही.

रत्ना हल्ली प्राणी करत नाही. माती संपली म्हणते. संपलेली नाही. दसऱ्याच्या आधीची गोष्ट, मी ताक मागायला वाटी घेऊन कमलकडे गेले. ती मोरीत होती. कपाटावर ओलं फडकं दिसलं. आपल्या फडताळावर असायचं ते तेच फडकं, त्याला मीच काठ शिवलाय. मला स्टुलावर चढवत नाही पण कमलचा पलंग चांगला उंच आहे.

वर एक प्राणी होता. मोठं तोंड, गोल पोट, शेपूट असून नसल्यासारखी. डुक्कर नव्हे, वराह असता तर मी ओळखला असता. कोणाचं वाहन ते काही कळेना. जावयांना विचारून कळव. पण कुंदे, असा गोजिरा होता की काय सांगू. कमलच्या देवघरात हळदकुंकवाचं पंचपाळं समोरच होतं. हात गेला होता. मग वाटलं, लपवला आहे म्हणजे मी हात लावू नये अशीच तिची इच्छा आहे. फडकं होतं तसं घातलं आणि खाली उतरले. ताक राहिलं.

नंतर कमलकडून काढून घेतलं. म्हणाली, भट्टीत भाजतात, मग ते जन्मभर राहतात. हे मला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, गणपतीसारखेच, यायचे आणि जायचे. तळ्यावर बघवत नव्हतं. पण आपण फूल वाहिलेल्याला पाठ दाखवून कसं निघायचं.

आमच्या वेळी सुनेला तोंडावर चांगलं म्हणत नसत. माझे पहिले मोदक सासूबाईंनी खाल्ले आणि नुसतं पान पुढे केलं, मी काय ते समजले. मला चांगलं दिसलं की मी हळदकुंकू वाहते. तेवढंच येतं. तिला ते समजत असेल असं धरून चालले होते.

तू तिला यातलं काही लिहू नकोस. म्हणेल, म्हातारी लोकांच्या पलंगावर चढते.

जावयांना आशीर्वाद. माझी आठवण आली तर रडू नको, चार ओळी लिही.

आई


॥ श्री ॥

कुडाळ
दि. २३ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. रत्ना हिस अ. आ.

कार्डावर जागा थोडी म्हणून थोडक्यात. प्रदर्शन संपलं की पाणघोडा उचल आणि सरळ आईच्या पुढ्यात नेऊन ठेव. काही सांगत बसू नकोस. पंचपाळंही लपवू नकोस. का ते विचारायचं नाही.

ह्यांनी अर्ध्या कानाबद्दल दुःख व्यक्त केलं आहे. चित्र उलटं धरल्याबद्दल पद्मजाबाईंवर राग आहे.

कमलला म्हणावं, तुझा पलंग भक्कम आहे असं ऐकलं.

मोठ्या नणंदेचं ऐकणं हाच लोभ समजते.

कुंदा


॥ श्री ॥

मुलुंड (पूर्व)
दि. १३ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी तुमच्या फराळासह पोचली. हे पाडव्यापासून पत्र लिहितो म्हणताहेत.

कमलच्या पलंगाचं काय ते मला कळलं नाही. तिला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. असो.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. प्रदर्शन आटोपल्यावर पाणघोडा पिशवीतून आणला, आई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि उभी राहिले. आईंनी चष्मा पुसला. त्याला सगळीकडून फिरवून बघितलं, पोटाखालचं भोक बघितलं, तोंडात बोट घालून दात मोजले. मला वाटलं आता उठून पंचपाळं आणणार. त्या जागच्या हलल्या नाहीत. खाली तांदळाकडे बघतच म्हणाल्या की छान झालाय गं. आणि लगेच म्हणाल्या, तांदळात खडे फार आहेत, वाण्याला सांग.

वन्सं, लग्न होऊन या घरात आले त्याला किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच डबे लावले.

मग मीच पंचपाळं घेऊन आले, तर आईंनी हात धरला. म्हणाल्या, नको, वाहिलास तर बुडवावा लागेल. मी म्हटलं, भाजलेला आहे, पाण्यात विरघळणार नाही. तरी नको म्हणाल्या. हा कोणाचा, असं विचारलं. मी म्हटलं, कोणाचाच नाही, भावोजी लिहून द्यायला तयार आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग त्याला बरं आहे, कोणाला घेऊन कुठे जायला नको. पाणघोडा आता रेडिओवर बसला आहे. जाता येता त्या टिचकी मारतात. मीही मारते.

खरी बातमी पुढेच आहे. गेल्या बुधवारी आई माझ्याबरोबर मंडळात आल्या. जिना मोजून मोजून उतरल्या, पण आल्या. अंगठा घातला आणि पारी अशी काही वळवली की पद्मजाबाई बघत राहिल्या. माझ्याहून पातळ, कुठे जाड नाही. सवयीने त्यांनी कडेला कळ्याही पाडल्या, त्यामुळे प्राण्याच्या गळ्याभोवती मोदकासारखी चुणीदार झालर आली. प्राणी कोणता ते कोणाला कळेना. हे म्हणाले गाय, कमल म्हणाली अस्वल, सुलक्षणाबाई म्हणाल्या, आत पोकळ आहे ना, मग काय असणार. आईंनी कोणालाच सांगितलं नाही. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा भट्टी लागणार, त्यात भाजायचा असं मात्र बाईंना बजावून सांगितलं.

तो घरी आणून फडताळावर ओल्या फडक्याखाली ठेवला. आज सकाळी मी आंघोळ करून देवघरात जायला निघाले, एका हातात फुलांची परडी, तिच्यातच पंचपाळं. जाता जाता फडकं वर करून बघितलं. त्या कळ्या अशा सुरेख आल्या होत्या, वन्सं, जणू सुरीने कोरल्या. मागून आईंची चाहूल लागली. मला म्हणायचं होतं की आई, किती छान झालाय. मनात अगदी तयार होतं. पण त्यांच्या तोंडावर असं कधी काही बोललेलं नाही, जीभ उचलेना. आणि हात मोकळा होता.

हळद, कुंकू आणि वर पिवळी शेवंती. झालं.

आई आल्या, बघितलं, आणि मटकन पाटावर बसल्या. म्हणाल्या, अगं, हा भाजायचा होता ना. मी म्हटलं, पुसू का. तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुसायचं नाव पुन्हा घेणार नाही. तो आता देवघरात आहे, बाळकृष्णाच्या पुढ्यात. हे हसता हसता चहा सांडून ऑफिसला गेले.

दुपारी आईंनी उरलेली माती मागितली. आता दुसरा करायला बसल्या आहेत. पंचपाळं त्यांनी मांडीखाली घेतलं आहे आणि मला समोर भिंतीशी बसवलं आहे. काम होईपर्यंत उठायची बंदी आहे, म्हणून हे पत्र एवढं लांबलं. खाली जागा सोडते, आज आईंना चार ओळी लिहायच्या आहेत म्हणतात.

माझ्या हातांना आवर घालावा आणि लोभ मात्र मोकळा सोडावा.

तुमची,
सौ. रत्नप्रभा

चि. कुंदा हिस आशीर्वाद. हात मातीचे आहेत, डाग पडले तर तसेच वाच. तो गाय नव्हता, अस्वलही नव्हता. रेडिओवर बसलाय त्याला एकट्याला करमत नसेल म्हणून त्याची बायको केली होती. दुसरी करते आहे. रत्नाला तू समज दे. चांगली झाली होती तर नुसतं तोंडाने सांगायचं होतं.